बचावपटूची व्यावसायिक कारकीर्द : मैदानापासून करारापर्यंत

१७ मार्च २०१९ रोजी मुंबईत झालेल्या इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) अंतिम सामन्यात बेंगळुरू एफसी आणि एफसी गोवा यांच्यातील कोंडी जादा वेळेत, ११७व्या मिनिटाला फुटली. कॉर्नरवर आलेल्या चेंडूला डोके लावून ती फोडणारा राहुल भेके हा बचावपटू होता. मुंबईचाच हा खेळाडू तेव्हा २८ वर्षांचा होता आणि भारताच्या वरिष्ठ संघाकडून त्याने एकही सामना खेळलेला नव्हता. ती संधी त्याला त्याच वर्षी जूनमध्ये थायलंडमधील किंग्ज कप स्पर्धेत मिळाली. आघाडीवीराला विशीच्या आतबाहेर डोक्यावर घेतले जाते, बचावपटूवर मात्र प्रशिक्षक विश्वास टाकतात तो उशिरा आणि बेताबेताने. म्हणून या जागेवर पोट भरण्याइतके खेळायचे असेल, तर बाराव्या वर्षापासून पस्तिशीपर्यंतचा हिशेब निराळ्या पद्धतीने मांडावा लागतो. खेळाडू आणि पालक या दोघांनाही उपयोगी पडावा, अशा रीतीने तो पुढे मांडला आहे.

जागा कोणती, हे घाईने ठरवू नये

बारा-तेरा वर्षांपर्यंत मुलाला एकाच जागेवर जखडून ठेवू नये. अंगाने थोराड मुलाला मागे उभे करायचे आणि चपळ मुलाला पुढे सोडायचे, ही आपल्याकडची जुनी सवय आहे. तिचा तोटा असा की थोराड मुलगा चेंडू फक्त लांब भिरकावायला शिकतो आणि पंधराव्या वर्षी इतरांची उंची त्याच्या बरोबरीला आली की त्याच्याकडे दुसरे काहीच उरत नाही. या वयात मध्यफळीत घालवलेली दोन वर्षे पुढे सेंटर बॅकला, म्हणजे बचावफळीच्या मधल्या खेळाडूला, फार उपयोगी पडतात, कारण चारी बाजूंनी माणसे असताना चेंडू घेऊन वळण्याची भीती तिथेच मोडते.

उंचीचा प्रश्न पालक हमखास विचारतात. सेंटर बॅकला उंचीचा फायदा होतो, हे खरेच आहे. पण २००६ साली इटलीला विश्वचषक जिंकून देणारा आणि त्याच वर्षी सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी’ऑर पुरस्कार मिळवणारा कर्णधार फाबियो कानावारो सुमारे १७६ सेंटिमीटर उंचीचा होता. त्याची उडी आणि चेंडू कुठे पडणार याचा अंदाज, या दोन गोष्टी उंचीची भरपाई करत. साइड बॅकसाठी, म्हणजे बचावफळीच्या कडेच्या खेळाडूसाठी, उंचीपेक्षा पुन्हा पुन्हा वेगाने धावून परत येण्याची ताकद महत्त्वाची असते. डाव्या पायाच्या खेळाडूने मात्र आपल्या देणगीची किंमत लवकर ओळखावी. डाव्या पायाचे सेंटर बॅक सगळीकडेच कमी असतात, आणि संघबांधणी करताना प्रशिक्षकाची नजर अशा खेळाडूवर आधी जाते.

एकाहून अधिक जागांवर खेळता येणे हीसुद्धा बचावपटूची पुंजी असते. भेके उजवा साइड बॅक आणि सेंटर बॅक अशा दोन्ही जागी खेळत आला आहे. याचे टोकाचे उदाहरण भारतीय फुटबॉलमध्ये १९६२ साली घडले. जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत डोक्याला जखम झाल्यामुळे बचावफळीत उभे करणे धोक्याचे ठरलेल्या जर्नेलसिंगला आघाडीवर खेळवण्यात आले आणि दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने गोलही केला. तो सामना भारताने २-१ असा जिंकला.

कसब : टॅकलच्या आधीचे काम

आपल्याकडे बचावपटूला टाळ्या मिळतात त्या घसरून केलेल्या टॅकलवर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या पायातला चेंडू हिसकावण्याच्या प्रयत्नावर. माझ्या मते कोवळ्या वयातल्या बचावपटूचे सर्वांत मोठे नुकसान या टाळ्या करतात. जमिनीवर पडलेला बचावपटू पुढचे काही क्षण संघासाठी नसल्यासारखाच असतो, आणि टॅकल चुकले तर त्याच्या मागे मोकळे रान पडते. म्हणून पहिली सवय लावायची ती उभे राहण्याची. चेंडू आपल्या माणसाकडे येत असतानाच अंतर तोडावे, तो चेंडू ताब्यात घेईपर्यंत हातभर अंतरावर पोहोचावे आणि तिथे वेग कमी करावा. दोन्ही पाय एका रेषेत ठेवून समोर उभे राहू नये. अंग तिरके ठेवून, गुडघे किंचित वाकवून, प्रतिस्पर्ध्याला बाजूच्या रेषेकडे किंवा त्याच्या कच्च्या पायाकडे ढकलत न्यावे. डोळे त्याच्या पायांच्या हालचालींवर न ठेवता चेंडूवर ठेवावेत. त्याचा स्पर्श थोडा लांब गेला की तेवढ्या क्षणी पाय घालावा. तो क्षण आलाच नाही तर त्याच्याबरोबर मागे सरकत राहावे, कारण तेवढ्या वेळात आपले साथीदार परत येतात आणि हेच बहुतेक वेळा पुरेसे असते.

दुसरी सवय मान फिरवण्याची. चेंडू लांब, दुसऱ्या बगलेवर (मैदानाच्या दुसऱ्या कडेला) असताना नवखा बचावपटू चेंडूकडेच टक लावून पाहतो आणि त्याच्या पाठीमागून त्याचा माणूस निघून जातो. चेंडू आणि आपला माणूस एकाच नजरेत येतील असे अंग वळवून उभे राहावे, आणि ते शक्य नसेल तेव्हा काही सेकंदांच्या अंतराने खांद्यावरून मागे पाहावे. सरावसामन्यात एखाद्या मित्राला कडेला बसवून आपण पाच मिनिटांत किती वेळा मागे पाहिले हे मोजायला सांगावे. पहिल्यांदा निघणारा आकडा बहुधा लाज वाटावी इतका कमी असतो.

तिसरी गोष्ट चौघांनी मिळून शिकायची असते : बचावरेषा कधी वर न्यायची आणि कधी मागे घ्यायची. यासाठी एक साधा निकष आहे. चेंडू ज्याच्याकडे आहे त्याच्यावर आपल्या कुणाचा दबाव असेल, त्याची मान खाली असेल किंवा त्याने चेंडू मागे खेळला असेल, तर रेषेने एकत्र पुढे सरकावे. तो मोकळा असेल आणि मान वर करून पास शोधत असेल, तर ऑफसाइडच्या (पास निघताना बचावरेषेच्या पलीकडे उभा असलेला आघाडीवीर नियमबाह्य ठरतो, या नियमाच्या) भरवशावर न राहता सर्वांनी आधीच मागे धावायला सुरुवात करावी. पुणे-मुंबईत जागोजागी झालेल्या छोट्या टर्फ मैदानांवरच्या पाच-पाच जणांच्या खेळात मुले पायाने तरबेज होतात. पण तिथे बहुधा ऑफसाइड नसतो, पाठीमागे मोकळी जागाही नसते, त्यामुळे ही रेषा तिथे शिकताच येत नाही. आठवड्यातून किमान दोन वेळा तरी अकरा जणांच्या पूर्ण मैदानावर खेळण्याची सोय शोधावी.

या सगळ्याला जोडणारी गोष्ट म्हणजे आवाज. गोलरक्षक आणि सेंटर बॅक या दोघांनाच संपूर्ण मैदान समोर दिसत असते, त्यामुळे पुढच्या खेळाडूला ‘मागे माणूस आहे’, ‘वळ’, ‘डावीकडे दाब’ असे सांगणे हे त्यांचे कामच आहे. सूचना नाव घेऊन, दोन-तीन शब्दांत आणि घटना घडण्याआधी द्यावी; घडून गेल्यावर ओरडणे म्हणजे नुसती तक्रार होय. मुळात अबोल असलेल्या मुलांना हे जड जाते, पण सरावात एखादा शब्द ठरवून तोच वापरायला सांगितले तर महिन्या-दोन महिन्यांत फरक पडतो.

हेडरसाठी, म्हणजे डोक्याने चेंडू मारण्यासाठी, उडी जागच्या जागी न घेता दोन-तीन पावले धावून, एका पायावर घ्यावी आणि चेंडू सर्वांत उंच बिंदूवर कपाळाने मारावा. बचावातला हेडर उंच, लांब आणि शक्यतो बाजूच्या रेषेकडे जायला हवा, कारण मध्यभागी पडलेला चेंडू लगेच फटका होऊन परत येतो. लहान मुलांकडून हा सराव हलक्या चेंडूने आणि मोजकाच करून घ्यावा.

चेंडू पायात असताना काय करायचे, हा भाग आता टाळता येत नाही. १९९२ मध्ये साथीदाराने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हाताने धरण्यास बंदी आली, आणि २०१९ पासून गोलकिक पेनल्टी क्षेत्राबाहेर जाण्याची अट उरली नाही. त्यामुळे आज सेंटर बॅक स्वतःच्या गोलापासून काही मीटरवर चेंडू घेतो आणि तिथूनच चढाई सुरू होते. रोज पंधरा-वीस मिनिटे भिंतीवर दोन्ही पायांनी पास मारणे, चेंडू येण्याआधी पुढचा पास ठरवणे आणि लांब पल्ल्याचा तिरपा पास बगलेवर अचूक पोहोचवणे, या तीन गोष्टींचा सराव मैदान मिळो न मिळो, चुकवू नये. भिंत सगळीकडे असते.

नियमांची माहितीही कसबाचाच भाग आहे. २०१६ पासून पेनल्टी क्षेत्रात चेंडूसाठी प्रामाणिक प्रयत्न करताना फाउल झाला आणि त्यामुळे गोलची स्पष्ट संधी हुकली, तर पेनल्टीबरोबर पिवळे कार्ड दिले जाते. पण जर्सी ओढली, हाताने अडवले किंवा ढकलले, तर लाल कार्डच मिळते. क्षेत्राबाहेर मात्र चेंडूसाठीचा प्रयत्न असला तरी अशा फाउलला लाल कार्ड आहे. हा फरक पक्का ठाऊक असलेला बचावपटू हाताचा मोह आवरतो.

वर जाण्याची वाट

महाराष्ट्रातील खेळाडूसाठी सुरुवातीचे टप्पे साधारणपणे शाळा, स्थानिक क्लब आणि जिल्हा संघटना असे असतात. शालेय पातळीवर १९६० पासून चालत आलेली सुब्रतो चषक स्पर्धा जिल्ह्यातून राज्यात आणि तिथून राष्ट्रीय फेरीपर्यंत नेते. राज्याचा कारभार वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे, म्हणजे विफाकडे आहे, आणि राज्य संघातून संतोष ट्रॉफी ही राज्यांमधील राष्ट्रीय स्पर्धा खेळता येते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत खेळाडूची नोंद आहे की नाही, हे पालकांनी स्वतः तपासावे. नोंद नसलेला खेळाडू मान्यताप्राप्त स्पर्धेत उतरू शकत नाही आणि त्याच्या खेळाचा अधिकृत पुरावाही राहत नाही. जन्मतारीख खरीच द्यावी. वयाच्या पडताळणीसाठी मनगटाच्या हाडांची तपासणी होते, आणि दोन वर्षे लहान दाखवून मिळवलेली जागा तिथे जाते, शिवाय नावही जाते.

कोल्हापूरची वाट थोडी वेगळी आहे. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, दिलबहार, खंडोबा अशा संघांसाठी छत्रपती शाहू स्टेडियम भरते तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा हजारो लोकांच्या ओरड्यात खेळायला शिकतो. असा दाब अकादमीत तयार करता येत नाही. तिथल्या खेळाडूने ही शाळा जरूर पूर्ण करावी, पण पेठेतल्या नावावर समाधान मानून तेविसाव्या वर्षापर्यंत तिथेच थांबू नये. कोल्हापूरचाच अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि २०१७ मध्ये भारतात झालेला १७ वर्षांखालील विश्वचषक खेळला. तो आघाडीवीर असला तरी त्याने घेतलेला मार्ग बचावपटूलाही लागू आहे. क्लबांच्या युवा संघांसाठी महासंघाच्या वयोगटनिहाय लीग आणि रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग आहेत. वरिष्ठ पातळीवर २०२४-२५ च्या मोसमात आय-लीग ३, आय-लीग २, आय-लीग आणि आयएसएल अशी खालून वर उतरंड होती. गोव्यात राज्याची प्रो लीगच इतकी चुरशीची असते की विशीतल्या बचावपटूने आयएसएलच्या राखीव बाकावर बसण्यापेक्षा तिथे एक पूर्ण मोसम खेळावे, असे मी सुचवेन. बचावपटू बाकावर बसून घडत नाही.

संदेश झिंगन चंदीगडचा. मोठ्या क्लबाच्या आधी तो सिक्कीमच्या संघाकडून खेळला, २०१४ मध्ये केरळ ब्लास्टर्सकडून आयएसएलच्या पहिल्याच मोसमात उगवत्या खेळाडूचा पुरस्कार त्याने मिळवला आणि पुढे तो भारतीय बचावफळीचा कणा बनला. छोट्या क्लबातली सुरुवात कमीपणाची मानणाऱ्यांनी ही वाट पाहावी. मुलींसाठी २०१६-१७ पासून इंडियन विमेन्स लीग आहे, आणि मणिपूरच्या आशालता देवी या बचावपटूने भारताचे दीर्घकाळ नेतृत्व केले आहे.

चाचणी आणि चित्रफीत

निवडचाचणीत बहुधा वीस-तीस मिनिटेच मिळतात आणि साथीदारांची नावेही ठाऊक नसतात. मैदानात उतरण्याआधी शेजारच्या बचावपटूचे आणि गोलरक्षकाचे नाव विचारून घ्यावे. पहिल्या पाच मिनिटांत सोपे पास द्यावेत, पहिला हवेतला चेंडू मात्र जिंकायचाच या निर्धाराने उडी घ्यावी, आणि सतत बोलावे. अर्जात जागा लिहिताना ‘कुठेही खेळेन’ असे लिहू नये. मुख्य जागा एक आणि पर्यायी एक, एवढे पुरे.

बचावपटूची चित्रफीत चार-पाच मिनिटांची असावी, सुरुवातीला जन्मवर्ष, उंची, मुख्य पाय आणि जागा द्यावी. प्रत्येक तुकडा टॅकलच्या क्षणी सुरू न करता त्याच्या सात-आठ सेकंद आधी सुरू करावा, म्हणजे आपण धोका कधी ओळखला हे पाहणाऱ्याला दिसते. संगीत, मंदगती वगैरे सजावट गाळावी आणि सोबत एका संपूर्ण सामन्याचा दुवा द्यावा. अनुभवी प्रशिक्षक तोच आधी उघडतात.

परदेशातील चाचणीच्या नावाखाली पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहावे. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने अशाच एका मध्यस्थाला मोठी रक्कम दिली. मुलगा तीन आठवडे एका परक्या शहरात सराव करून परतला आणि ज्या क्लबाचे नाव सांगितले होते, त्याच्या कुणी प्रशिक्षकाने त्याला पाहिलेही नव्हते. मध्यस्थ फिफाचा परवानाधारक आहे का, हे आधी तपासावे, आणि निमंत्रण थेट क्लबाच्या अधिकृत पत्त्यावरून मागवावे.

करार

पहिला करार हातात आला की घरात पेढे वाटले जातात आणि कागद वाचायचा राहून जातो. फिफाच्या नियमांनुसार व्यावसायिक खेळाडूचा करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो, आणि अठरा वर्षांखालील खेळाडूच्या बाबतीत तीन वर्षांहून अधिक काळाचे बंधन मान्य धरले जात नाही. करारात पगाराची तारीख, दुखापतीच्या काळातील पगार, वैद्यकीय खर्च आणि विमा, राहण्याची सोय, मुदतवाढीचा हक्क क्लबाकडे आहे की दोघांच्या संमतीवर आहे आणि करार मोडल्यास द्यावयाची रक्कम, ही कलमे वकिलाकडून समजून घ्यावीत. स्वाक्षरी झालेली प्रत त्याच दिवशी मागून घ्यावी. ‘नंतर देऊ’ हे उत्तर स्वीकारू नये.

कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडूला दुसऱ्या क्लबाशी करार करता येतो. दोन मासिक पगार थकले, तर क्लबाला लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांची मुदत द्यावी लागते आणि त्यानंतर करार संपवण्याचे सबळ कारण खेळाडूकडे असते. तोंडी तक्रारीला इथे किंमत नाही. याउलट, करार चालू असताना घाईने बाहेर पडणे किती अंगाशी येऊ शकते, हे २०२४ मध्ये अन्वर अली या बचावपटूच्या प्रकरणात दिसले. मोहन बागान सोडून ईस्ट बंगालकडे जाण्यावरून महासंघाच्या समितीने त्याच्यावर चार महिन्यांची बंदी घातली आणि त्याच्यासह संबंधित क्लबांना १२.९० कोटी रुपयांची भरपाई देण्यास सांगितले; प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर तो आदेश मागे घेण्यात आला. अडचणीच्या वेळी सल्ल्यासाठी २००६ पासून कार्यरत असलेली फुटबॉल प्लेयर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही खेळाडूंची संघटना आहे.

लीगची घडी कधीही विस्कटू शकते, हेही गृहीत धरावे. २०२५ मध्ये व्यावसायिक हक्कांच्या करारावरून आयएसएलचा मोसम लांबला आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवल्याचे जाहीर केले. किमान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय गाडी घेऊ नये, असे मी तरुण खेळाडूंना सांगतो आणि ते हसतात.

शरीर आणि पुढची वर्षे

मोसमापूर्वी ईसीजी आणि इको अशी हृदयतपासणी करून घ्यावी. वर उल्लेख आलेल्या अन्वर अलीच्या हृदयातील दोष २०१९ मध्ये लक्षात आला, त्याचा खेळ थांबला आणि दीर्घ वैद्यकीय व न्यायालयीन प्रक्रियेनंतरच तो परत मैदानात आला. २०१९ च्याच ऑक्टोबरमध्ये झिंगनच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि त्याचा पूर्ण मोसम गेला. गुडघा आणि मांडीचा मागचा स्नायू ही बचावपटूची कच्ची ठिकाणे आहेत, कारण त्याची बहुतेक धाव उलटे वळून एकदम सुरू होते. ‘फिफा ११+’ हा सुमारे वीस मिनिटांचा तयारीचा व्यायाम प्रत्येक सरावाआधी करावा. त्याला उपकरणे लागत नाहीत, आणि त्याने दुखापती घटतात हे अभ्यासांतून दिसले आहे. आहाराबद्दल फार गूढ काही नाही : भाकरी, भात, डाळ, अंडी, मासे, दूध वेळेवर आणि पुरेसे घ्यावे, आणि झोप मोडू नये.

तिशीनंतर वेग उतरतो, पण खेळाचे वाचन वाढते, म्हणून चांगल्या सेंटर बॅकची शेवटची पाच-सहा वर्षे सर्वांत भरीव असू शकतात. पावलो माल्दिनी एसी मिलानकडून चाळिशीपर्यंत खेळला आणि त्याच्या नावावर त्या क्लबाचे ९०२ सामने आहेत. इतके आयुष्य प्रत्येकाला मिळणार नाही, म्हणून शिक्षण अर्धवट सोडू नये. राष्ट्रीय आणि राज्य स्पर्धांतील प्रमाणपत्रे जपून ठेवावीत, कारण महाराष्ट्र शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि रेल्वे, पोलीस व बँकांच्या संघांतही भरती होते. महिंद्रा युनायटेडसारखा राष्ट्रीय विजेता संघ २०१० मध्ये बंद झाला, हे ध्यानात ठेवले तर नोकरीचा पर्याय कमीपणाचा वाटणार नाही. ज्यांना मैदान सोडायचे नाही त्यांनी खेळत असतानाच प्रशिक्षकाच्या ‘डी’ परवान्यापासून सुरुवात करावी. पुढे ‘सी’, ‘बी’, ‘ए’ आणि ‘प्रो’ असे टप्पे आहेत. गोव्याचा महेश गवळी हा भारताचा बचावपटू निवृत्तीनंतर याच वाटेने राष्ट्रीय संघाचा सहायक प्रशिक्षक झाला. ‘डी’ परवान्याचे वर्ग काही दिवसांचेच असतात आणि मोसमाच्या सुटीत ते उरकता येतात.